तोकायची कोरडी पांढरी वाइन : ऑसूचं उरलंसुरलं की स्वतःच्या पायावर उभी?

दुनाकाठी
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त बुडापेस्टात राहतो. इथल्या वाइनबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

हंगेरीची वाइन म्हटलं की आधी तोकायचं नाव निघतं, आणि तोकाय म्हटलं की ऑसूचं. बुरशी लागून वेलीवरच सुकलेल्या मण्यांची ती दाट, गोड वाइन. तिची थोरवी मला मान्य आहे. पण माझं ठाम मत असं की त्याच टेकड्यांवरच्या त्याच फुरमिंट द्राक्षाची जी कोरडी पांढरी वाइन होते, तिच्यात हा मुलूख जास्त स्वच्छ कळतो. गोडवा नसला की द्राक्षाला, जमिनीला आणि त्या वर्षीच्या पावसापाण्याला लपायला जागाच राहत नाही.

माझ्या हंगेरियन सहकाऱ्यांत यावरून दोन तट आहेत. वयस्कर मंडळी म्हणतात, ज्या घडांचं ऑसू होत नाही त्यांची कोरडी वाइन करायची, एवढाच तिचा मान. तरुण मंडळी २००० सालाचा दाखला देतात. त्या हंगामात माद गावच्या इश्त्वान सेप्शी यांनी ऊराद्या या एकाच मळ्यातल्या फुरमिंटची कोरडी वाइन वेगळी भरली. त्याच हंगामात स्पेनच्या वेगा सिसिलिया या वायनरीच्या मालकीच्या ओरेमुश या तोकायच्या वायनरीने मांदोलाश नावाची कोरडी फुरमिंट आणली. तिथून पुढे मळ्यांची नावं बाटलीवर दिसू लागली आणि लोक कोरड्या फुरमिंटबद्दल गंभीरपणे बोलू लागले.

तुम्हाला काय वाटतं? द्राक्षशेती, इतिहास, भूगर्भ, कुठल्याही बाजूने लिहा. या वाइनला स्वतःचं स्थान आहे, की मोठ्या बहिणीच्या सावलीतच तिनं राहायचं?

झिपरी
वाचतेय. प्रतिसाद येऊ द्यात.

निफाडकर
धागा आवडला. आमच्या घरची द्राक्षबाग आहे, थोड्या एकरात वाइनची द्राक्षं, बाकी खायची. त्यामुळे बुरशी हा शब्द वाचला आणि थबकलो. भुरी, डावणी, करपा यांच्या मागे फवारणीचा पंप घेऊन आमचा अख्खा हंगाम जातो. मण्यावर बुरशी दिसली की व्यापारी बागेत पाऊलसुद्धा टाकत नाही. आणि हे लोक ती बुरशी मुद्दाम येऊ देतात?

दुसरं, आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तयार. तिकडे कसं? कोरड्या वाइनसाठी घड कधी काढतात?

दुनाकाठी
निफाडकर दादा, तिकडे वर्षाला एकच छाटणी, हिवाळ्यात वेल झोपलेली असताना. बर्फ पडतो, वेल पूर्ण विसावते, एप्रिलच्या सुमारास डोळे फुटतात. फुरमिंट उशिरा पिकणारं वाण. कोरड्यासाठी साधारण सप्टेंबरात, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला तोडणी होते. ऑसूची तोडणी परंपरेने २८ ऑक्टोबरच्या सायमन-ज्यूड सणापासून सुरू व्हायची आणि नोव्हेंबरातही चालायची.

बुरशीचं म्हणाल तर ती बोट्रायटिस. तोकायला बोद्रोग आणि तिसा या दोन नद्या मिळतात. शरदात सकाळी नदीवरून धुकं चढतं, दुपारी ऊन आणि वारा. धुक्याने बुरशी धरते, उन्हावाऱ्याने मण्यातलं पाणी उडतं, साखर आणि आम्ल दोन्ही दाट होतात. दुपार कोरडी गेली नाही तर तीच बुरशी घड कुजवते. कोरडी वाइन करणाऱ्याला मात्र ती नकोच असते. तो निरोगी, हिरवट पिवळे घड हवेत म्हणून आधीच तोडणी उरकतो, आणि लागण झालेले मणी हाताने वेगळे काढतो.

गोडघाशी
धागाकर्त्याशी सपशेल असहमत.

कोरडी पांढरी वाइन जगात शेकडो ठिकाणी चांगली होते. ऑसू मात्र त्या नद्यांच्या काठी, त्या धुक्यातच होते. एकेक सुकलेला मणी हाताने वेचायचा, पुत्तोन्य नावाच्या पाठीवरच्या टोपलीत गोळा करायचा, मग तो आंबत्या रसात किंवा तयार वाइनमध्ये भिजवून दाबायचा. पूर्वी १३६ लिटरच्या गोंत्सी पिपात किती टोपल्या मणी घातले त्यावरून प्रत ठरायची. २०१३ च्या नियमांनुसार ऑसू म्हणवून घ्यायला लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते. आणि निव्वळ मण्यांच्या भाराने आपोआप झरणारा जो रस, एसेंत्सिया, त्यात किमान ४५० ग्रॅम! तो वर्षानुवर्षं संथ आंबत राहतो, तरी मद्यार्क जेमतेम काही टक्क्यांवर जातो.

१७३७ साली राजाज्ञेने या प्रदेशाची हद्द आखली गेली, ती कुणाच्या जोरावर? रशियन दरबाराचं खरेदी मंडळ अठराव्या शतकात तोकायमध्ये मुक्काम ठोकून होतं, ते कशासाठी? २००२ साली युनेस्कोने हा सगळा भूप्रदेश जागतिक वारसा ठरवला. या प्रत्येक गोष्टीमागे ऑसू आहे. कोरडी फुरमिंट चांगली लागते, हे मी नाकारत नाही. पण तिच्यात मुलूख जास्त कळतो म्हणणं म्हणजे अन्याय आहे.

जुनीपाने
गोडघाशी, ऑसूच्या इतिहासाबद्दल शंभर टक्के सहमत. पण २००० सालीच कोरडी वाइन का पुढे आली, याचं उत्तर अठराव्या शतकात मिळणार नाही. ते विसाव्या शतकात आहे, आणि ते बरंच क्लेशदायक आहे.

१८८० च्या दशकात फायलॉक्सेरा या कीटकाने तोकायचे मळे मुळापासून संपवले. अमेरिकन खुंटांवर कलमं बांधून पुन्हा लागवड झाली, पण पूर्वी टेकड्यांवर ज्या वाणांची सरमिसळ होती त्यातली बरीच परतली नाहीत. फुरमिंट आणि हार्शलेवेलू टिकले. पुढे पहिलं महायुद्ध, १९२० चा त्रिआनोंचा तह, देशाचा दोन-तृतीयांश भूभाग गेला, आणि त्यासोबत घरची मोठी बाजारपेठही गेली. १९४४ मध्ये इथल्या ज्यू कुटुंबांना छळछावण्यांत नेलं. तोकायचा वाइन व्यापार पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पोलंडपर्यंत नेला होता, त्यांच्यातली ही माणसं. ती परत आली नाहीत.

मग आलं साम्यवादी राज्य. मळे आणि तळघरं सरकारजमा झाली. खाजगी शेतकऱ्याकडे छोटे तुकडे राहिले आणि त्यावरची द्राक्षं सरकारी कारखान्याला घालावी लागत. गिऱ्हाईक मुख्यतः सोव्हिएत संघ, मागणी लिटरांची. चढावरच्या अवघड पायऱ्यांवर ट्रॅक्टर चालत नाही, म्हणून लागवड सपाटीवर उतरली. एकरी उतारा वाढवला. सगळ्या गावांचा माल एका टाकीत. अशा रसाची कोरडी वाइन पातळ आणि आंबटढाण झाली तर नवल काय? दुनाकाठींच्या वयस्कर सहकाऱ्यांनी जी कोरडी तोकाय प्यायली ती बहुधा ही. त्यांचं मत त्या अनुभवातून आलंय.

१९९० नंतर सोव्हिएत गिऱ्हाईक गेलं आणि बाहेरचा पैसा आला. ब्रिटिश वाइनलेखक ह्यू जॉन्सन यांच्यासह काही जणांनी रॉयल तोकायी ही कंपनी काढली, फ्रान्सच्या अ‍ॅक्सा विमा कंपनीने दिस्नोको ही वायनरी घेतली, वेगा सिसिलियाने ओरेमुश. सगळे आले ऑसूसाठीच. पण चढावरचे जुने मळे पुन्हा लावल्यावर, उतारा कमी केल्यावर त्याच फुरमिंटचा रस इतका भरीव निघाला की त्याची कोरडी वाइन वेगळी भरावीशी वाटली. मातीतला बदल आधी झाला, बाटली नंतर.

झिपरी
जुनीपाने, तुमचे प्रतिसाद नेहमीच वाचनखूण साठवण्यासारखे असतात. ज्यू व्यापाऱ्यांबद्दल अजिबात माहीत नव्हतं.

बेसॉल्ट
पेशाने भूशास्त्रज्ञ, म्हणून टेकड्यांबद्दल लिहितो.

तोकायच्या टेकड्या साधारण दीड ते एक कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून तयार झाल्या. रायोलाइट, त्याची राख दाबून झालेला मऊ टफ, अँडेसाइट, मध्येच झिओलाइट. याच डोंगरांत ऑब्सिडियन ही ज्वालामुखी काच मिळते, अश्मयुगात तिची हत्यारं दूरदूर जात. खुद्द तोकाय गावामागच्या कोपास टेकडीवर मात्र वाऱ्याने आणून टाकलेल्या लोएस मातीचा जाड थर आहे. म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत मातीचा नूर पार बदलतो. लोएसवरची फुरमिंट मवाळ आणि गंधाळ, मादच्या टफ आणि तांबूस चिकणमातीवरची ताठ, असं तिथले लोक म्हणतात.

हंगेरीत दुसरीकडे खरा बेसॉल्टही आहे. शोमलो हा एकटा उभा डोंगर आणि बालातोन सरोवराकाठचा बादाचोन्य, दोन्ही तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वीचे. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. नाशिकच्या वेली ज्या काळ्या खडकाच्या मातीवर उभ्या आहेत त्याचा हा बराच धाकटा भाऊबंद.

आता एक खडा टाकतो. कोरड्या फुरमिंटबद्दल लिहिताना सगळे 'मिनरॅलिटी' म्हणतात, जणू वेलीने दगड विरघळवून पेल्यात आणून ओतला. तसं होत नाही. मूळ जे क्षार शोषतं ते अगदी थोडे, आणि त्यांना खडकाची चव नसते. माती काम करते ती पाणी धरण्यातून, निचऱ्यातून, उष्णता साठवण्यातून. त्यावर वेलीची वाढ आणि मण्यातलं आम्ल ठरतं. चव तिथून येते.

नाकपुडी
बेसॉल्ट सर, विज्ञान मान्य. पण शब्द टाकून देऊ नका. मी पुण्यात वाइन चाखण्याचे वर्ग घेते. फुरमिंटच्या पेल्यात कच्चं सफरचंद, पेर, लिंबाची साल, कधी धुराची झाक, आणि शेवटी जिभेच्या कडांवर एक खारट कोरडेपणा येतो. त्या शेवटच्या संवेदनेला लोक मिनरॅलिटी म्हणतात. ती मुख्यतः आम्लाची आणि साक्यावर, म्हणजे तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर, ठेवल्याची करामत आहे हे मला माहीत आहे. तरी शेजारच्या दोन मळ्यांच्या, एकाच माणसाने एकाच पद्धतीने केलेल्या दोन फुरमिंट समोरासमोर ठेवल्या की फरक नवशिक्यालाही कळतो. तो फरक सांगायला लोकांना शब्द लागतोच.

फुरमिंटला स्वतःचा भडक वास नाही, हे तिचं बळ आहे. मस्कट कुठेही लावा, मस्कटच लागतं. फुरमिंट जागेप्रमाणे बदलते. तिचा जनुकीय संबंध गुए ब्लां या जुन्या युरोपीय द्राक्षाशी आहे, शार्डोने आणि रीसलिंग यांचाही जनक तोच. घराणं चांगलं आहे!

बेसॉल्ट
फरक आहेच, त्याबद्दल वाद नाही. मी फक्त त्या फरकाचं कारण दगडाच्या चवीत शोधू नका म्हणतोय. कारण पाण्यात शोधा.

दगडूशेट_नव्हे
दगडाची चव नसते हे ऐकून माझ्या सदस्यनामाला वाईट वाटलं.

मांडवीतीर
मी गोव्याचा. डॅन्यूबवरच्या प्रवासी बोटींवर बार सांभाळायचं काम केलंय, त्यामुळे बुडापेस्टचे धक्के ओळखीचे.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. हंगेरियन माणूस रोज जी कोरडी पांढरी वाइन पितो ती तोकायची नसतेच. ती ओलासरिझलिंग किंवा इर्शाई ओलिवेर या द्राक्षांची, आणि तीही सोडा घालून. त्याला फ्रोच म्हणतात. उन्हाळ्यात बारमध्ये फ्रोचच्या मापांची वेगळी पाटी असते. दोन डेसी वाइन एक डेसी सोडा म्हणजे नॉद्यफ्रोच, एक डेसी वाइन दोन डेसी सोडा म्हणजे होसूलेपेश, तीनाला दोन म्हणजे हाझमेश्तेर. डेसी म्हणजे १०० मिलिलिटर, तिकडे पेल्यालाही हेच माप. सोड्यामागे आन्योश येद्लिक हे बेनेडिक्टाइन साधू आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. विजेच्या डायनॅमोवर सुरुवातीचं काम केलेले तेच. १८४२ च्या शरदात फोत गावी आन्द्राश फाय यांच्या तळघरातल्या मेजवानीत त्यांनी वाइनमध्ये सोडा घातला, अशी कथा तिथे सगळ्यांना पाठ.

बोटीवर पाहुण्यांना कोरडी फुरमिंट देताना मी एकच काळजी घ्यायचो, फार थंड करायची नाही. फ्रिजमधून काढून थोडी थांबवायची, दहा ते बारा अंशांवर आणायची. बर्फगार दिली तर नुसतं आम्ल लागतं आणि पाहुणा पेला तसाच ठेवून जातो.

चिंचगुळ
@मांडवीतीर, आपल्या जेवणाबरोबर ही वाइन जाते का हो? घरी कधी आणली तर काय करू?

मांडवीतीर
ताई, तळलेलं मासळीचं ताट डोळे मिटून करा. रव्यात घोळलेली मांदेली, पापलेट, तिसऱ्यांच्या सुक्याबरोबरही छान. लिंबू पिळायच्या जागी वाइनचं आम्ल काम करतं. शाकाहारी असाल तर अळूवडी, कोथिंबीरवडी. ओल्या काजूची उसळ नारळाच्या वाटणात असेल तर पिपात मुरलेली जरा भारी फुरमिंट घ्या, ती खोबऱ्याला तोलते. रेशाद हा तिखट मसाला भरलेल्या बांगड्याबरोबर मात्र नको. मिरचीपुढे लाकूड आणि मद्यार्क दोन्ही जळजळ वाढवतात. तिथे स्टीलच्या टाकीतली हलकी फुरमिंट किंवा सरळ फ्रोच.

निफाडकर
मांडवीतीर, पीप आणि टाकी हा मुद्दा चांगला काढलात. दुनाकाठी, त्यांच्याकडे पीप कुठल्या लाकडाचं? आमच्या भागातल्या वायनरीत बहुतेक पांढरी वाइन स्टीलच्या टाकीतच होते, थंड ठेवून.

दुनाकाठी
दादा, दोन्ही चालतं. साध्या फुरमिंट स्टीलमध्ये, ताजेपणा टिकावा म्हणून. मळ्याच्या नावाच्या वाइन बहुधा ओकच्या पिपातच आंबवतात आणि काही महिने साक्यावर ठेवतात. ओक घरचाच. तोकायच्या मागेच झेम्प्लेन डोंगर आहे, तिथली झाडं थंडीत सावकाश वाढतात, लाकडाची वीण घट्ट. त्या लाकडाची पिपं फ्रान्स-इटलीतही जातात. मुरवण्यासाठी तळघरं टफमध्ये हाताने कोरलेली, भिंतींवर काळी मऊ बुरशी. ही बोट्रायटिस नव्हे, वेगळी. हवेतल्या मद्यार्काच्या वाफेवर जगते.

बुरशीपासून तुमची सुटका तिकडेही नाही बघा.

निफाडकर
हा हा. आमच्या अर्धांगिनीला सांगतो, भिंत काळी पडली तर पुसू नकोस, जागतिक वारसा आहे.

अनुपमा_सांगली
आमच्या घरी कुणी पीत नाही, पण पुढच्या वर्षी मुलाकडे व्हिएन्नाला जाणार आहोत आणि हंगेरी बघायची आहे. वाइन न पिणाऱ्यांनी तिकडे काय पाहावं? धाग्याचा विषय सोडून विचारते, राग मानू नका.

जुनीपाने
राग कसला, ताई. माद गावातलं १७९५ सालचं सिनॅगॉग जरूर पाहा. बरोक शैलीची सुंदर इमारत, अलीकडे नीट दुरुस्त केलेली. वर लिहिलेल्या व्यापाऱ्यांचं गाव तेच. तोकायमधलं राकोत्सी तळघर वाइन न पिताही पाहण्यासारखं. व्हिएन्नाहून येताना वाटेत पानोनहाल्माचा मठ लागेल. ९९६ सालचा, वाइनही करतो. साम्यवादी राजवटीत त्याचे मळे गेले होते, साधूंनी ते परत उभे केले.

आणि बालातोनफ्युरेदला गेलात तर सरोवराच्या काठचा टागोर पदपथ चुकवू नका. रवींद्रनाथ १९२६ साली आजारी असताना तिथल्या हृदयरोग रुग्णालयात राहिले होते. बरं वाटल्यावर त्यांनी तिथे लिंडेनचं झाड लावलं. तिथे त्यांचा पुतळाही आहे. मागच्या उतारांवर ओलासरिझलिंगचे मळे आहेत, तेव्हा विषय अगदीच सुटला नाही!

अनुपमा_सांगली
खूप धन्यवाद. टागोरांचं माहीत नव्हतं, आता जायचंच.

बेसॉल्ट
अनुपमाताई, बालातोनपर्यंत जाताय तर बादाचोन्यला थांबा, बेसॉल्टचे उभे खांब दिसतील. निफाडकर, तुमच्यासाठी तिथे एक वाण आहे, केकन्येलू. त्याला कार्यक्षम फुलं फक्त मादी. शेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी लावल्याशिवाय फळच धरत नाही. परंपरेने बुदाई झोल्ड हे वाण मध्ये मध्ये लावतात. फुलोऱ्यात पाऊस आला की पीक गेलं.

निफाडकर
अशा वेली लावणाऱ्याला हात जोडतो. आमच्याकडे फुलोऱ्यात ढग आले तरी झोप उडते, आणि तिथे पाऊसही नको आणि शेजारीही हवा. ऐकूनच जीव दडपला.

आता मूळ प्रश्नावर शेतकरी म्हणून बोलतो. गोडघाशी दादा आणि दुनाकाठी भाऊ, तुम्ही दोघं चवीवरून भांडताय. मला यात पैशाचं गणित दिसतं. ऑसू दर वर्षी होत नाही. पावसाळी शरद आला तर कूज, कोरडा आला तर बुरशी धरतच नाही. झाली तरी एकेक मणी वेचायला मजूर लागतात. वरून दीड वर्ष तरी लाकडात ठेवायची, म्हणजे पैसा अडकला. लहान शेतकरी यावर कर्जाचे हप्ते कसे भरणार? कोरडी वाइन जवळपास दर वर्षी निघते, सप्टेंबरात तोडली की पुढच्या वर्षी काही माल विकायला तयार. माझ्या मते कोरडीने तोकायच्या शेतकऱ्याला चढावरचा मळा टिकवण्याचं बळ दिलं. तिला उरलंसुरलं म्हणणाऱ्याने एकदा हंगामाचा हिशेब मांडून बघावा.

आमच्याकडेही तेच. अवकाळी झाली, गारपीट झाली, तर खायच्या द्राक्षाचं सोनं एका रात्रीत माती होतं. तेव्हा वाइनच्या करारातली ठरलेली रक्कम घर चालवते.

जुनीपाने
निफाडकर, हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. पुस्तकं हे इतक्या सरळ सांगत नाहीत. यात एवढंच जोडतो की जगभर गोड वाइनची मागणीही ओसरली. जेवणानंतर गोड वाइनचा छोटा पेला घेण्याची रीत युरोपातही कमी झालीय, जेवणाबरोबर कोरडी घेणारे पुष्कळ.

गोडघाशी
निफाडकरांच्या हिशेबापुढे मान तुकवतो. शेतकरी टिकला तरच ऑसू टिकेल, हे मला पटतं. माझं म्हणणं तरी कायम आहे. कोरडीच्या यशाच्या भरात वर्ष चांगलं असतानाही धुक्याची वाट न पाहता सगळे घड सप्टेंबरातच तोडले, तर वेचणीचं कसब असलेली माणसं एका पिढीत संपतील. कसब एकदा गेलं की कुठल्याही भांडवलाने परत येत नाही.

आणि एक तिसरी वाइन तुम्ही सगळे विसरलात, कोरडी सामोरोद्नी. मणी वेचायचे नाहीत, निरोगी आणि बुरशीचे एकत्र असलेले अख्खे घड दाबायचे, साखर पूर्ण आंबू द्यायची आणि पीप काठोकाठ न भरता यीस्टच्या सायीखाली मुरवायची. अक्रोड, सुकं सफरचंद, थोडी शेरीच्या जवळ जाणारी चव. ही २००० च्या खूप आधीची. त्यामुळे तोकायला कोरडं काही नव्हतंच, असं कुणी समजू नये.

दुनाकाठी
गोडघाशी, सामोरोद्नी आणल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या मताला तिने बळच दिलं. आणि ऑसूचे मणी भिजवायला जी वाइन किंवा रस लागतो तोही बहुधा फुरमिंटचाच, हे विसरू नका. पाया भरीव झाला तर वरचा मजलाही सुधारतो. सेप्शींसारखे लोक दोन्ही वाइन एकाच निष्ठेने करतात, त्यामुळे या दोघींत भांडण लावायची मला तरी इच्छा नाही. पण मुलूख कुठे जास्त कळतो, या प्रश्नावर मी माझ्या जागी ठाम आहे. मादच्या सेंत तामाश आणि बेत्शेक या दोन मळ्यांच्या कोरड्या फुरमिंट शेजारी शेजारी चाखा आणि मग बोलू.

नाकपुडी
दुनाकाठींच्या बाजूने एक मत माझं. गोडव्यातही जागा कळते, पण ती ओळखायला बराच सराव लागतो. कोरडीत नवख्यालाही कळते, हे वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

चिंचगुळ
इतकं वाचून आता चाखावीशी वाटतेय. भारतात मिळेल का?

नाकपुडी
मोठ्या शहरांतल्या आयात वाइनच्या दुकानांत अधूनमधून ऑसू दिसते, कोरडी फुरमिंट क्वचितच. आयात वाइनवरचं मूळ सीमाशुल्क बराच काळ १५० टक्के राहिलं, वर राज्याचा कर. त्यामुळे आयातदार ओळखीचं नाव मागवतात. कुणी युरोपातून येत असेल तर आणायला सांगा.

चिंचगुळ
भाचा जूनमध्ये येणार आहे प्राग-बुडापेस्ट करून. त्याला नेमकं काय सांगू? मागे त्याने दुसरीकडून 'कोरडी' म्हणून आणलेली बाटली मला गोडसर लागली होती.

दुनाकाठी
चिंचगुळ ताई, लेबलवर 'सारझ' लिहिलेलं बघायला सांगा, ती कोरडी. 'फेलसारझ' म्हणजे निमकोरडी, 'फेलेदेश' निमगोड, 'एदेश' गोड.

तुम्हाला गोडसर का लागली असेल त्याचं कारण नियमात आहे. युरोपीय नियमांत लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन कोरडी धरतात. पण आम्ल पुरेसं असेल, म्हणजे साखरेपेक्षा फार तर २ ग्रॅमने कमी, तर ९ ग्रॅमपर्यंतही कोरडीच म्हणता येतं. फुरमिंटमध्ये ७ ग्रॅमच्या आसपास आम्ल सहज असतं, त्यामुळे काही जण ही सवलत वापरून थोडी साखर ठेवतात, धार बोथट करायला. अगदी खडखडीत कोरडी हवी असेल तर दुकानदाराला उरलेली साखर किती ते विचारायचं. बुडापेस्टातल्या वाइनच्या दुकानांत ते सांगतात.

पहिल्यांदाच घेताय तर मळ्याचं नाव नसलेली, नुसतं गाव आणि फुरमिंट लिहिलेली, एक-दोन वर्षांची बाटली घ्या. आवडली तर पुढच्या खेपेला मादची एखाद्या मळ्याची.

चिंचगुळ
लिहून घेतलं. सारझ, फुरमिंट, गाव. मांदेली जूनमध्ये मिळायची मारामार, मासेमारी बंद असते. अळूवडीच करते.

मांडवीतीर
अळूवडीला चिंच-गूळ जरा कमी घाला मात्र, नाहीतर वाइन आंबट लागेल. गोड पदार्थापुढे कोरडी वाइन नेहमी हरते.

गोडघाशी
म्हणूनच तर ऑसू आणा म्हणतोय!